नर्सिंगची नोंदवही कुणाच्या हातात?

(घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोड्या संपादनासह.)



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'नर्सिंग कौन्सिल' म्हटलं आणि फोनवर पलीकडे शांतता पसरली. त्यांचंही बरोबर आहे. समाजशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी जात, आरक्षण, विद्यापीठ यांवर बोलेल असं वाटणं साहजिक आहे. कौन्सिल म्हणजे कुठल्यातरी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची पाटी. पण आत्ता इथे हात वर करायला सांगते. ज्यांच्या घरात किंवा गल्लीत कुणी बहीण, वहिनी, आत्या नर्सिंग करते आहे किंवा करून बसली आहे, त्यांनी हात वर करा. बघा. अर्ध्याहून जास्त हात आहेत. आपल्या वस्तीतून बारावीनंतर बाहेर पडणाऱ्या मुलीसमोर वाटा मोजक्या असतात आणि नर्सिंग त्यातली एक मोठी वाट आहे. त्या वाटेवरचा नाका कुठे आहे आणि तिथे कोण बसलंय, एवढंच आज सांगणार आहे.

सुरुवात घरापासून करते. माझी मावशी तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात बावीस वर्षं 'सिस्टर' होती. सलाईन लावायची, टाके काढायची, रात्री डॉक्टर घरी असले की बाळंतपणं एकटीच उरकायची. पेशंट तिला सिस्टर म्हणायचे, डॉक्टरही म्हणायचे. पुढे डॉक्टर वारले, मुलाने दवाखाना वाढवला आणि मोठ्या दवाखान्याला कागद लागतात. तिला विचारलं गेलं, रजिस्ट्रेशन नंबर काय? नंबर नव्हता. पुढच्या महिन्यापासून त्याच इमारतीत ती 'मावशी' झाली. पगार घटला, साडीचा रंग बदलला, रात्रीचं काम मात्र तेच राहिलं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "माझं नाव तर सगळ्यांना पाठ होतं गं, लिहिलेलं कुठंच नव्हतं."

हे ऐकून तुम्हाला कायद्याचा राग येईल. मलाही आला होता. पण मी कायद्याच्या विरोधात उभी नाही. टोचणारा हात शिकलेला आहे की नाही, हे श्रीमंत माणूस ओळखी काढून शोधू शकतो. गरिबाला सरकारी नोंदवहीवरच विसंबावं लागतं. आणि नर्सच्या बाजूनेही पाहा. नंबर असेल तर तुमचं आडनाव, रंग, कुणाची चिठ्ठी, यांच्यावर तुमचं कौशल्य ठरत नाही. निदान कागदावर तरी ठरत नाही. म्हणून नोंदवही आपल्याला हवी आहे. भांडण तिच्या कारभाराशी आहे.

आता कारभार समजून घेऊ. नर्सेसच्या नोंदणीचे कायदे आधी प्रांतांनी केले. मद्रास प्रांताचा १९२६ चा, मुंबई प्रांताचा १९३५ चा. केंद्राचा भारतीय परिचर्या परिषद कायदा १९४७ च्या डिसेंबरमधला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर चार-पाच महिन्यांतला. महाराष्ट्राचा आपला कायदा १९६६ चा. कामाची वाटणी अशी: कोणती पात्रता मान्य, अभ्यासक्रम किती वर्षांचा, हे केंद्रीय परिषद ठरवते. राज्याची परिषद नाव लिहिते, नूतनीकरण करते, कॉलेजांची तपासणी करते आणि गैरवर्तनाची तक्रार सिद्ध झाली तर नाव काढूनही टाकते. पात्रता मान्य असेल तर देशातल्या कुठल्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालता येतं, हे केंद्राच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. व्यवहारात आधीच्या राज्याचं ना हरकत प्रमाणपत्र आणा, पडताळणी होऊ द्या, थांबा.

महाराष्ट्रात आणखी एक घोळ आहे. एएनएम आणि जीएनएमची परीक्षा घेतं ते शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. बीएस्सी नर्सिंगची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. नाव नोंदवते ती महाराष्ट्र परिचर्या परिषद. 'पास झाले म्हणजे नर्स झाले' असं समजणाऱ्या कितीतरी मुली मला भेटल्या. पास होणं वेगळं, नोंदलं जाणं वेगळं. आणि नोंद एकदा केली म्हणजे कायमची, असंही नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहे आणि त्यासाठी सतत शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. ज्या रुग्णालयात सुट्टी मागितली तर पगार कापतात, तिथली नर्स या कार्यशाळांना कधी जाणार, हा प्रश्न मी एका अधिकाऱ्यांना विचारला होता. ते म्हणाले, "रविवारी असतात ना." रविवारी तिची ड्युटी असते, हे त्यांच्या गावी नव्हतं.

थोडं मागे जाते, कारण आपल्यासाठी खरी गोष्ट तिथे आहे. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा एवढ्या मोठ्या देशात प्रशिक्षित नर्सेस होत्या साधारण ७,०००. का? परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, लघवी-विष्ठेचं भांडं उचलायचं, हे काम चांगल्या घरच्या बाईचं नाही, अशी ठाम समजूत होती. 'चांगलं घर' या शब्दात जात कशी बसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून सुरुवातीच्या नर्सेसमध्ये ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन बायका मोठ्या संख्येने दिसतात.

पण त्या ७,००० च्या बाहेर देशभरातली मुलं कोण जन्माला घालत होतं? सुईणी. उत्तरेकडे कितीतरी गावांत चर्मकार समाजाच्या बायका, तमिळ मुलखात न्हावी समाजाच्या, आपल्याकडे कित्येक गावांत मांगवाड्यातल्या. माझी पणजी त्यातलीच. नाळ कापणं आणि वार पुरणं हे विटाळाचं काम, म्हणून ते तिच्या वाट्याला. बाळ तिच्या हातावर पहिला श्वास घ्यायचं आणि बाराव्या दिवशी बारशाला ती अंगणाच्या कडेला बसायची. नोंदवह्या उघडल्या तेव्हा हे ज्ञान त्यात शिरलं नाही. मी सुईणींच्या पद्धती सगळ्या बरोबर होत्या असं म्हणत नाही. धनुर्वाताने बाळं जात होती, बाळंतिणी जात होत्या. पण डॉक्टरांच्या बाबतीत जुनं ज्ञान सुधारून घेतलं गेलं, वैद्य-हकिमांना स्वतःच्या परिषदा मिळाल्या. दाईंना काय मिळालं? काही दिवसांचं प्रशिक्षण आणि एक पेटी. २००५ नंतर जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणं दवाखान्यात नेली. ते योग्यच झालं. फक्त दाईला त्या दवाखान्यात शिरायचा एकच दरवाजा उरला, झाडूचा. विटाळाचं काम जातीने दिलं आणि त्याच कामाला प्रतिष्ठा, पगार, नंबर मिळायची वेळ आली तेव्हा रांग दुसरीकडून सुरू झाली. माझी मावशी त्या रांगेच्या शेवटी उभी होती, एवढंच.

आता आपण रांगेत आहोत. फी भरतो, शिष्यवृत्ती मिळवतो, वसतिगृहात राहतो. मग नाका कुठे अडवतो? मध्य प्रदेशचं उदाहरण देते. आपल्या विदर्भाला लागून असलेले बालाघाट, छिंदवाडा, बैतुल हे जिल्हे त्याच राज्यात आहेत आणि तिथे मराठी बोलणारी घरंही पुष्कळ आहेत.

तिथे २०२० च्या आसपास नर्सिंग कॉलेजांचं पेव फुटलं. नियम साधे आहेत: कॉलेजचं स्वतःचं निदान शंभर खाटांचं रुग्णालय हवं, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. हे आहे की नाही ते जाऊन बघणं, हेच राज्याच्या परिषदेचं मुख्य काम. जबलपूरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि एकेक प्रकार बाहेर आला. एकच शिक्षक एकाच वेळी अनेक कॉलेजांत, रुग्णालयं फक्त कागदावर. न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. ३०८ कॉलेजांच्या तपासणीत १६९ योग्य, ७४ मध्ये त्रुटी आणि ६५ अयोग्य, असा अहवाल २०२४ मध्ये आला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात सीबीआयचाच एक अधिकारी लाच घेताना पकडला गेला, अनुकूल अहवालासाठी! 'योग्य' ठरलेली कॉलेजंसुद्धा पुन्हा तपासायची वेळ आली.

या सगळ्यात परीक्षा रखडल्या. ज्यांनी २०२०-२१ ला प्रवेश घेतला त्या मुली वर्षानुवर्षं पहिल्याच वर्षात अडकून पडल्या. क्षणभर त्या मुलीच्या जागी बसून बघा. तिची शिष्यवृत्ती पुढच्या वर्गात गेल्यावर पुढची मिळते. परीक्षाच नाही तर पुढचा वर्ग कुठला? घरी बाप विचारतो, बाई, कॉलेज चालू आहे की बंद? तिलाच माहीत नाही. शेजारी म्हणतात, लग्न करून टाका. ज्या घरात आधी कुणी कॉलेज केलेलं आहे तिथे एक काका असतो, तो म्हणतो, "अगं, मान्यता बघितलीस का, मी फोन करतो." आपल्याकडे तो काका नसतो. आपला काका म्हणजे एजंट. एजंट बसस्टँडवर भेटतो, 'फी शून्य, शिष्यवृत्तीत सगळं' म्हणतो आणि मूळ मार्कशीट घेऊन जातो. परिषदेने कॉलेज नीट तपासलं नाही याचा दंड संस्थाचालकाला किती बसला माहीत नाही, मुलीला तो वर्षांत बसला.

कर्नाटकाचंही थोडक्यात सांगते, कारण मराठवाड्यातल्या मुली बेंगळुरूला जातात. २०१७ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं की केंद्रीय परिषदेच्या कायद्यात पात्रतेची मान्यता आहे, संस्थांना मान्यता देणं हे तिचं काम नाही. कायद्याच्या दृष्टीने मुद्दा रास्त असेलही. पण केंद्र आणि राज्य यांच्या त्या वादात परराज्यातून आलेल्या मुलींपुढे प्रश्न उभा राहिला: आमचं नाव आमच्या राज्यात नोंदलं जाईल ना?

आणि नंबर मिळाला तरी परिषद पगाराबद्दल बोलत नाही, तो तिच्या अखत्यारीतला विषयच नाही. २०११-१२ मध्ये दिल्ली, मुंबई, केरळमधल्या नर्सेस संपावर गेल्या त्या बाँड आणि अडकवून ठेवलेल्या मूळ प्रमाणपत्रांवरून. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिने सुचवलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. शिफारसच ती. केरळच्या नर्सेसनी रस्त्यावर उतरून २०१८ मध्ये तेवढं किमान वेतन अधिसूचनेत आणवलं. इतर राज्यांतल्या नर्सेसना विचारून बघा हातात काय पडतं.

२०२३ मध्ये संसदेने नवा कायदा केला, राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा. १९४७ चा कायदा त्याने मागे टाकला. राष्ट्रीय पातळीवर एक आयोग, त्याखाली शिक्षण, मूल्यांकन आणि नोंदणी यांची तीन मंडळं, प्रत्येक राज्यात राज्य आयोग, देशभरासाठी एक ऑनलाइन नोंदवही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मुलीला ही नोंदवही नीट चालली तर वरदान आहे, हे मी मोकळेपणाने म्हणते. पण एक गोष्ट खटकते. जुन्या कायद्यात प्रत्येक राज्य परिषदेकडून एक नोंदणीकृत नर्स निवडून केंद्रीय परिषदेवर जायची. त्या निवडणुका फार आदर्श होत्या अशातला भाग नाही, डॉक्टरांची खुर्चीही तिथे होतीच. तरी मत होतं. नव्या आयोगावर माणसं निवडून येत नाहीत, नेमली जातात. नेमणूक म्हटली की ओळख आली, आणि ओळख ही आपल्याकडे नेहमीच कमी असलेली वस्तू आहे. आपल्यातली पहिली पिढी वॉर्डात पोचत असताना वरचं मतदान बंद झालं.

म्हणून तुमच्याकडे एक काम मागते. तुम्ही पदवीधर आहात, तुमच्या वस्तीतला तो फोन करणारा काका आता तुम्हीच आहात. येत्या जूनमध्ये कुणी मुलगी फॉर्म भरायला आली तर तिच्याबरोबर बसा. कॉलेजचं नाव राज्य परिषदेच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का बघा, गेल्या वर्षीच्या नाही. किती जागांना मान्यता आहे आणि प्रवेश किती देतायत, तेही. रुग्णालय दाखवा म्हणा आणि खरंच जाऊन खाटा मोजा, लाजायचं काही कारण नाही. आधीच्या तुकडीतल्या दोन मुलींना भेटून त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर आला का विचारा. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत. काही चुकीचं दिसलं तर माहिती अधिकारात परिषदेकडे तपासणी अहवाल मागा. दहा रुपयांत अर्ज होतो आणि जबलपूरच्या त्या विद्यार्थ्यांनीही असंच कागदांपासून सुरू केलं असणार.

मावशीची मुलगी गेल्या वर्षी जीएनएम झाली. नंबर आला त्या दिवशी घरात पेढे वाटले. मावशीने प्रमाणपत्र दोनदा वाचलं, नाव बरोबर लिहिलंय का ते बघितलं आणि विचारलं, "पाच वर्षांनी परत करायचं असतं ना हे? तारीख लिहून ठेव." मग तिनेच ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवीवर पेनाने तारीख घातली.

आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेपासून सुरू करा.