धावण्याची मजुरी



कामगार चळवळीतल्या माणसाने खेळावर काय बोलावे, असे काहींना वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे शिकलो ते कारखान्याच्या दारावर आणि वाचनालयाच्या बाकावर. पण अंगमेहनतीचा हिशेब आम्हांला कळतो, आणि धावपटूचा धंदा अंगमेहनतीचाच आहे. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या कविता राऊत यांच्या कारकिर्दीकडे आम्ही त्या हिशेबाने पाहतो.

त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडच्या डोंगराळ मुलखात सावरपाडा हा आदिवासींचा पाडा आहे. १९८५ साली जन्मलेल्या कविताताई तिथल्या. डोक्यावर हंडा घेऊन चढउतार करणे हे त्या भागातल्या पोरींचे रोजचे काम. त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. धावायला लागल्या त्याही अनवाणी. पुढे नाशकात विजेंद्रसिंग यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. वर्तमानपत्रांनी ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव दिले. नाव झोकदार खरे. पण एक्स्प्रेसला इंधन लागते, त्याचा विचार नाव ठेवणाऱ्यांनी केला नसावा.

दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी हे अंतर ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत कापले. पुढे केनियाच्या दोघीच होत्या. १९५८ साली कार्डिफला मिल्खासिंग जिंकले, त्यानंतर त्या स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक. सहा आठवड्यांनी चीनमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत! चौऱ्याहत्तर सेकंद वाचवले, आणि तरी केरळच्या प्रीजा श्रीधरन एका सेकंदाच्या आत पुढे निघून गेल्या. आमच्या मते त्या सेकंदाचे दुःख करू नये. शेजारी तोलामोलाची जोडीदारीण असल्यावर हात कसा चालतो, हे यंत्रावर उभे राहिलेल्याला ठाऊक असते.

२०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पुरस्काराने मान मिळतो, चूल पेटत नाही. कारखान्यातला माणूस साठीच्या आसपास निवृत्त होतो. धावपटूचे गुडघे पस्तिशीतच कुरकुरू लागतात. कविताताईंना तेल व नैसर्गिक वायू महामंडळात नोकरी मिळाली, हे ठीक झाले. पण अशा नोकरीला लोक बक्षीस म्हणतात, ते आम्हांला पटत नाही. ती थकलेली मजुरी आहे, उशिरा चुकती केलेली. १९५२ च्या हेलसिंकीला खाशाबा जाधवांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. थोर माणूस! पण देशाचा खेळाडू एका मास्तरच्या घरावर का अवलंबून राहावा?

२०१६ च्या आरंभी गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळाले, वेळ २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ. तिथे २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले, आणि क्रमांक आला १२० वा. त्या उन्हात वीसहून अधिक जणींनी शर्यत मध्येच सोडली. ह्यांनी ४२ किलोमीटर पुरे केले. त्या क्रमांकाची थट्टा करणारे आम्हांला भेटले आहेत. नाशिक ते त्र्यंबक जेमतेम तीस किलोमीटर. तेवढे त्यांनी चालत तरी जाऊन यावे. उरलेल्या बारांचे मग बोलू.