आष्टीच्या रणभूमीकडे

पंढरपुरास आलेला यात्रेकरू विठ्ठलाचे दर्शन घेतो, गोपाळपूर व विष्णुपद पाहतो, सवड असल्यास मंगळवेढ्यास जाऊन दामाजीपंतांच्या मंदिरात माथा टेकतो आणि यात्रा पुरी झाली असे समजून घरची वाट धरतो. त्याच्या भक्तीत मला काहीच उणे दिसत नाही. परंतु पंढरपुरापासून पाचसहा कोसांवर, मोहोळ तालुक्यातील आष्टी गावच्या शिवारात, मराठी राज्याचा सेनापती बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी लढता लढता पडला, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि सांगितलेच, तर तिकडे नेऊन दाखविणारा कोणी भेटत नाही, याचे मला मनापासून दुःख होते. ही आष्टी बीड जिल्ह्यातील नव्हे, आणि १९४२ च्या हुतात्म्यांमुळे अजरामर झालेली वर्धा जिल्ह्यातील आष्टीही नव्हे, एवढा खुलासा मला दर वेळी करावा लागतो.

युरोपात वॉटर्लू येथे १८ जून १८१५ रोजी नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला, आणि थोड्याच आठवड्यांत दूरदूरचे लोक ते मैदान पाहावयास येऊ लागले. त्या लढाईत स्वतः लढलेला कॉटन नावाचा एक इंग्रज सार्जंट-मेजर पुढे तेथेच स्थायिक झाला आणि आलेल्या पाहुण्यांना मैदान दाखविण्यात त्याने उरलेले आयुष्य वेचले. ज्यांचा तेथे मोड झाला त्या फ्रेंचांनाही आज त्या भूमीवर जाण्यात संकोच वाटत नाही. आपण मात्र विजयाच्या गडांवर मोठ्या उत्साहाने चढतो आणि पराभवाच्या जागा नांगराखाली जाऊ देतो.

आष्टीची ही यात्रा सुरू करावी ती पंढरपुरातच, विठ्ठलमंदिराच्या परिसरात. वॉटर्लूनंतर महिना लोटतो न लोटतो तोच, जुलै १८१५ मध्ये आषाढी यात्रेच्या दिवसांत, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन देवदर्शन करून रात्री परतत असता त्यांचा येथे खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आलेले असल्यामुळे त्या रक्ताचा जाब पेशवा दुसऱ्या बाजीरावाला द्यावा लागला. त्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे या खुनाच्या आरोपावरून ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाला, तेथून निसटला, आणि त्याच्या पाठोपाठ जून १८१७ चा अपमानकारक तह पेशव्यावर लादला गेला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवा आणि इंग्रज यांच्यात तोफा सुरू झाल्या, त्यांची बत्ती पंढरपुरातच शिलगली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

खडकीनंतर पेशवा मुलूखभर फिरत राहिला आणि इंग्रजी पलटणी त्याच्या मागावर राहिल्या. फेब्रुवारीत तो सोलापूरकडून पंढरपूरच्या रोखाने येत असल्याची बातमी इंग्रजांच्या जनरल स्मिथला वेळापूरच्या मुक्कामी लागली. वेळापूर म्हणजे ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवरचे गाव. ज्या मुलखातून दरसाल टाळमृदंगाचा घोष जातो, त्याच मुलखातून स्मिथचे घोडदळ त्या रात्री दौडत निघाले, आणि सकाळी त्याने आष्टीजवळ पेशव्याची छावणी गाठली. शत्रू इतका जवळ येईतो खबर कशी लागली नाही, म्हणून बाजीरावाने सेनापतीला दूषण दिले असे इतिहासकार सांगतात. बापूने उत्तरादाखल एकच काम केले: धन्याला निसटण्यास अवसर मिळावा म्हणून निवडक स्वारांनिशी तो इंग्रजी रिसाल्यावर चालून गेला. स्मिथच्या मस्तकावर वार बसला; परंतु बापू तेथेच ठार झाला. त्याच्याबरोबर गोविंदराव घोरपडे आणि आनंदराव बाबर हेही पडले. पेशवा वाचला, त्याच्या छावणीत असलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह मात्र आपल्या मातोश्री व बंधूंसह इंग्रजांच्या हाती आले. ज्या छत्रपतींच्या नावाने पेशवाई चालली होती, तेच शत्रूच्या छावणीत गेल्यावर पुढची धावपळ केवळ एका माणसाचा जीव वाचविण्याची राहिली. जूनमध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. म्हणून कोरेगाव किंवा खडकी येथील लढायांचे नाव कितीही मोठे असले, तरी राज्य खऱ्या अर्थाने बुडाले ते आष्टीस, असे माझे मत आहे.

आज आष्टीस गेलेल्या माणसाच्या नजरेत प्रथम भरतो तो विस्तीर्ण तलाव, आणि येथेच जाणत्या वाटाड्याची गरज लागते. हा तलाव इंग्रजी अमदानीत, लढाईनंतर कित्येक वर्षांनी बांधला गेला. १८१८ च्या त्या सकाळी हे पाणी येथे नव्हते. घोडदळाची लढाई समजून घ्यावयाची तर ओढे कोठून वाहत होते, उघडे रान कोठवर होते आणि निसटणाऱ्याला वाट कोणत्या अंगाने होती, हे पाहणाऱ्याच्या मनात उभे करावे लागते. त्यासाठी गावचे जुने नकाशे, पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद आणि शिवाराच्या बांधाबांधाची माहिती असलेला स्थानिक माणूस, या तिन्ही गोष्टी एकत्र याव्यात. नुसता शौर्याचा पवाडा ऐकविणारा मार्गदर्शक मला नको; शत्रू जवळ आल्याची वार्ता छावणीला का लागली नाही, हेही त्याने तितक्याच निर्भीडपणे सांगितले पाहिजे.

दोन दिवसांची सवड असणाऱ्यांनी मंगळवेढ्यापलीकडे भीमेकाठचे माचणूर आणि ब्रह्मपुरीही पाहावे. औरंगजेबाचा तळ तेथे १६९५ पासून १६९९ पर्यंत होता, आणि त्या तळात बाल शाहूराजे कैदेत होते.

आणखी एक विनंती आहे. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत साध्या कुणब्याच्या पणज्याचेही नाव सापडते. तशीच एक वही आष्टीची व्हावी. बापूबरोबर पडलेल्यांपैकी दोघा सरदारांची नावे मी सांगितली. बाकीचे स्वार कोणत्या गावचे, कोणत्या घराण्याचे, हे इनामपत्रांतून, घराण्यांच्या कागदांतून आणि जुन्या माणसांच्या बोलण्यातून शोधून काढावे, आणि इंग्रजी फौजेत नोकरीस असलेल्या आपल्याच मुलखातील शिपायांनाही त्या वहीत जागा असावी. मोहोळ आणि पंढरपूर तालुक्यांतील शिक्षकांनी मनावर घेतले, तर येत्या २० फेब्रुवारीस, ज्वारीची काढणी चालू असताना आणि ऊन अजून सोसवते आहे तोवर, वरच्या वर्गांतील मुलांची पहिली तुकडी वेळापूरहून निघून आष्टीस पोहोचू शकेल.