प्रकाश निम्मा, सिग्नल चौथाई



आयटीआय किंवा डिप्लोमा करून केबलच्या कामात शिरलेली आपली काही मुले येथे बसली आहेत. त्यांच्या हाती दोन उपकरणे हमखास येतात. एक ऑप्टिकल पॉवर मीटर, दुसरा फायबर नोड. दिसायला ती निराळी असली तरी दोहोंचे काळीज एकच, ते म्हणजे फोटोडायोड.

फोटोडायोडवर प्रकाश पडला की त्या प्रमाणात विद्युतप्रवाह वाहतो. मीटर तेवढाच प्रवाह मोजून डीबीएममध्ये आकडा दाखवते. 1 मिलिवॅट म्हणजे 0 डीबीएम. प्रकाश निम्मा झाला की उणे 3, दहावा हिस्सा उरला की उणे 10. डायोड सर्व तरंगलांबींना सारखी दाद देत नाही, म्हणून 1310 की 1550 नॅनोमीटर हे मीटरला आधी सांगावे लागते. शिवाय मीटर फक्त सरासरी सांगते; प्रकाशावर चॅनेल आहेत की नाहीत, याचा त्याला पत्ता नसतो.

नोडचे काम पुढचे. केंद्रात चॅनेलांच्या रेडिओ लहरींनुसार लेझरचा प्रकाश कमीजास्त केलेला असतो. नोडमधला डायोड तो चढउतार पुन्हा विजेत उतरवतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि कोॲक्सियल केबल घरोघर नेते.

आता खरी मेख ऐका. प्रवाह प्रकाशाच्या प्रमाणात असतो, पण सिग्नलची शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून प्रकाश 3 डीबीने घटला तर सिग्नल 6 डीबीने, म्हणजे चौथाईवर येतो. मीटरवर उणे 1 च्या जागी उणे 4 पाहून “तीनच तर कमी” म्हणणारा मुलगा येथेच फसतो. मग तो ॲम्प्लिफायर वाढवतो. त्याने गोंगाटही तितकाच वाढतो आणि पडद्यावरचे चौकोन जात नाहीत. आधी कनेक्टर पुसा. फायबरचा प्रकाशवाहक गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. धुळीचा एक कण त्याला पुरतो. हिरव्या कनेक्टरचे तोंड 8 अंशांनी तिरपे असते, त्याला निळा जोडला तर फट राहते.

आणि एक, पोटतिडकीने सांगतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. केबलच्या लाइनवर ॲम्प्लिफायरमधून निघालेला प्रकाश डोळ्याला इजा करू शकतो, आणि पापणी मिटायचीही सूचना मिळत नाही. टोक जिवंत आहे का, हे डोकावून पाहू नका, मीटरला लावून पाहा. जोरदार लाइनला साधे मीटर लावू नये, त्याचा डायोड बिघडतो. जास्त शक्ती सोसणारे मीटर मागून घ्या.