दोन टक्के कोणाला विचारून?

कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत, असं हे कलम सांगतं. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम स्वतःकडे ठेवण्याचीही सोय उरली नाही. ती ठरलेल्या मुदतीत सरकारी निधीत, किंवा काम चालू असेल तर वेगळ्या खात्यात भरावी लागते. पैसा किती, कधीपर्यंत, कोणत्या विषयांवर, हे सगळं कायद्याने बांधून दिलं. ज्यांच्यासाठी तो खर्च होतो त्यांना विचारण्याची सक्ती मात्र कुठेच नाही. शिफारस संचालकांच्या समितीची, मंजुरी संचालक मंडळाची आणि अहवालही त्याच मंडळाचा. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची, म्हणजे सीएसआरची, कितीतरी कामं उद्घाटनानंतर ओस पडतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

एकेकाळी हे विचारणं आपोआप होई. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा मालक आणि कामगार एकाच वसाहतीत राहत. पाण्याची टंचाई दोघांनाही कळत होती. वेगळी पाहणी करावी लागत नव्हती. आज कारखाना तालुक्याच्या गावी आणि निर्णय मुंबईच्या कार्यालयात, अशी स्थिती सर्रास आहे. अशा अंतरावरून वस्तू देणं सोपं जातं. गावाला पाणी शुद्ध करणारं यंत्र मिळतं, त्यावर कंपनीचं नाव झळकतं. पण वर्षाने गाळणी बदलायची कोणी आणि वीजबिल भरायचं कोणी, हे गावाशी बोलून ठरलेलंच नसतं. शाळेला डिजिटल फळा मिळतो आणि शिक्षकाची जागा रिकामीच राहते. गावाला आधी विचारलं असतं, तर हे दोन्ही प्रश्न पहिल्याच बैठकीत पुढे आले असते.

यावर म्हणतात, पैसा भागधारकांचा, तेव्हा निवड कंपनीचीच. पण धनिकांना समाजाचे विश्वस्त मानणारा गांधीजींचा विचार आपले उद्योगपती अभिमानाने सांगतात, आणि विश्वस्ताला लाभार्थ्यापुढे हिशेब मांडावाच लागतो. दुसरा आक्षेप असा, की मोठ्या कामांचं प्रभाव मूल्यांकन कायद्याने होतंच. होतं खरं, पण सरासरी १० कोटी किंवा अधिक खर्चाचं बंधन असलेल्या कंपन्यांच्या, किमान १ कोटीच्या प्रकल्पांपुरतं. शिवाय मूल्यांकन करणारी संस्था नेमते कंपनीच. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ग्रामसभेत गटतट असतात, मोजकी घरंच बोलतात, बायका मागे बसतात. हे खोटं नाही. म्हणूनच खर्चाचा अधिकार ग्रामसभेला द्या, असं मी म्हणत नाही. काम ठरवण्याआधी तिचं म्हणणं लेखी घ्यावं, महिलांची सभा वेगळी भरवावी, आणि काम झाल्यावर खर्चाचे कागद गावापुढे वाचावेत, एवढीच माझी मागणी आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला, तोही याच गटतट असलेल्या गावांत. मजुरांच्या हजेरीपटाची तपासणी जे गाव करू शकतं, त्याला कंपनीने बांधलेल्या बंधाऱ्याचा खर्च तपासता येणार नाही, असं मानायला काही आधार दिसत नाही.