नवापूरच्या बाकावर बसून केलेला हिशेब
(कामगार मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीच्या त्रासन खात्यातली माणसं. प्राथमिक शाळेच्या पुढे आमच्यात कुणी गेलेलं नाही. हे भाषण खात्यातल्या चौघांनी मिळून, पाळी सुटल्यावर, तीन रात्री बसून लिहिलं आहे. चुकलं माकलं पदरात घ्या.

गोष्ट अशी झाली. आमच्या गिरणीची रात्रपाळी बंद पडली. बदलीवाले आधी गेले, मग कायम लोकांनाही आठवड्याचे तीन दिवस घरी बसवू लागले. खात्यातली पोरं विचारायला लागली, "दादा, सुरतेला जावं का? तिकडे राहाणं बरं म्हणतात. रस्ते चांगले, वीज जात नाही, कामाला तोटा नाही. मग महाराष्ट्रात काय म्हणून राहायचं?" आता ह्याला उत्तर काय द्यायचं? अभिमानाचं उत्तर तोंडावर तयार असतं, पण अभिमानाने चूल पेटत नाही. म्हणून युनियनने आम्हा चौघांना सांगितलं, जा, स्वतः राहून बघून या. आम्ही आठ दिवस सुरतेला राहिलो, तीन दिवस अहमदाबादेला, आणि परत येताना दोन दिवस मुंबईत. जे पाहिलं ते सांगतो.

जाताना नवापूर लागतं. तुमच्यातल्या पुष्कळांनी ते स्टेशन पाहिलं असेल. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकिटाची खिडकी एका राज्यात नि स्टेशन मास्तरची खोली दुसऱ्यात. एक बाक असा आहे की निम्म्यावर महाराष्ट्र लिहिलंय, निम्म्यावर गुजरात. १९६० सालच्या १ मे रोजी ही रेघ तिथून गेली, त्याआधी सगळं एकच मुंबई राज्य होतं. आम्ही त्या बाकावर चहा प्यालो. दोघे इकडे, दोघे तिकडे. चहाची चव सारखीच लागली. गाडी येणार म्हणून पुकारा झाला तो मराठीत, गुजरातीत, हिंदीत आणि इंग्रजीत. चौघांनाही कळला, म्हणून गाडी चुकली नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे ह्याचं काम आहे.

आधी सुरतेचं चांगलं ते सांगतो, हातचं राखून नाही. उधना, लिंबायत ह्या भागात शिरलं की गल्लीगल्लीत अहिराणी कानावर येते. आपल्या धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं पिढ्यान् पिढ्या तिथं आहेत. शहर स्वच्छ आहे. १९९४ साली तिथं प्लेगचा हाहाकार झाला, लाखो माणसं गाड्या भरभरून पळाली. त्यानंतर त्या नगरपालिकेने असा झाडू हातात घेतला की २०२३ च्या स्वच्छ शहरांच्या यादीत सुरत इंदूरबरोबर पहिल्या नंबरावर बसली. आपल्याकडच्या किती नगरपालिकांना हे जमलं? आणखी एक गोष्ट ऐकून तर आम्ही गप्पच झालो. सुरतेची महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. परमुलखात मराठी शाळा चालते, आणि खुद्द मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळा पोरांवाचून ओस पडून बंद होतात. लाज कुणाला वाटायची, सांगा.

ज्या घरी आम्ही उतरलो तिथल्या मावशी मूळच्या नंदुरबारकडच्या. त्यांनी दारूबंदीचा विषय काढला. १९४९ पासूनची बंदी गुजरातने ठेवली, महाराष्ट्राने ती पुढे ढिली केली. मावशी म्हणाल्या, "चोरून मिळते रे, मिळत नाही असं नाही. पण गुत्ता गिरणीच्या वाटेवर उघडा बसलेला नसतो. पगारातले निम्मे तरी घरी येतात." पुरुष मंडळी ह्यावर हसली. आम्ही हसलो नाही, कारण आमच्या चौघांच्या घरात हा प्रश्न बायकांनी आम्हाला विचारलेला आहे. तरी दुसरी बाजूही खरी. २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, २०२२ साली बोटादकडे पुन्हा मेली. आणि बंदी नसलेल्या मुंबईत, मालवणीला, २०१५ साली तेच झालं. मेलेले दोन्हीकडे हातावर पोट असलेले.

आता कामाचं. सुरतेत माग आहेत ते लाखांनी. पाळी बारा तासांची. पगार महिन्यावर नाही, मीटरवर. कापड निघालं तर पैसा, माग बंद पडला किंवा आजारी पडलात तर खाडा तुमच्या माथी. मस्टरवर नाव नाही, मग प्रॉव्हिडंट फंड कुठला नि विमा कुठला? मागावर बहुतेक ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याची पोरं. ती मेसमध्ये राहतात. मेस म्हणजे एक लांब खोली, त्यात ओळीने साठ-सत्तर पथाऱ्या. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा होतो. पथारी गार होत नाही. आमच्यातल्या एकाचे आजोबा मुंबईत लालबागला गिरणीत होते. तो म्हणाला, "ही तर आमच्या आजोबांची खोली." आजोबा सांगायचे ते हेच. दहा बाय बाराची खोली, वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवायला खानावळ. शंभर वर्षांत खोली मुंबईहून उचलून सुरतेला नेऊन ठेवली एवढाच फरक.

पण गुजरातला नावं ठेवायची घाई नको. हीच बारा तासांची पाळी आपल्या भिवंडीत आहे, मालेगावात आहे. २०२५ साली गुजरातने कारखान्यात दिवसाला बारा तासांपर्यंत काम घेता येईल असा कायद्यात बदल केला, आणि त्याच साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही तोच निर्णय घेतला. भाषा दोन, राज्यं दोन, पण मालकाची गोष्ट ऐकताना कान एकच.

अहमदाबादेला आम्ही गेलो ते जुन्या कामगारांना भेटायला. आपल्याकडे चार माणसांत बसलं की कुणीतरी शहाणा म्हणतोच, मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपाने बुडाल्या. कामगाराने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, हे खरंच आहे. आमच्या घरांनी तो उपास सोसला आहे. पण मग अहमदाबादेचं काय? तिथला कामगार लाल बावट्याचा नव्हता. १९१८ साली तिथं गांधीजींनी पस्तीस टक्के वाढीसाठी लढा दिला, १९२० साली अनसूयाबेन साराभाई आणि गांधीजी यांच्या पुढाकाराने मजूर महाजन उभा राहिला. त्याची रीत लवादाची, समेटाची, हात जोडून बसून बोलण्याची. शाळा काढल्या, दवाखाना काढला. मुंबईसारखा संप तिथं झाला नाही. आणि गिरण्या? त्याच ऐंशीच्या दशकात एकामागून एक बंद. लाखभर कामगार रस्त्यावर. एक म्हातारे साचेवाले, सत्तरीच्या पुढचे, आम्हाला म्हणाले, तुम्ही भांडलात नि तुमची गेली, आम्ही भांडलो नाही नि आमचीही गेली. बरं, कापड नेसायचं लोकांनी थोडंच सोडलं? कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरतेच्या यंत्रमागावर गेलं, जिथं मस्टर नाही नि युनियन नाही. गिरणीची जागा तेवढी राहिली, आणि जागेला भाव आला. तेव्हा पुन्हा कुणी संपाचं बोललं तर त्याला अहमदाबादचं तिकीट काढून द्या.

ते म्हातारे आणखी एक बोलले. आपण १९५५-५६ च्या गोळीबाराची, फ्लोरा फाउंटनची, शंभरावर हुतात्म्यांची आठवण काढतो. १९५६ साली ८ ऑगस्टला अहमदाबादेतही गोळ्या झाडल्या गेल्या, कोवळी विद्यार्थी पोरं पडली. त्यांनाही दोन भाषांचं राज्य नको होतं. १९५७ ला मुंबईतून कॉम्रेड डांगे निवडून गेले तसे अहमदाबादेतून इंदुलाल याज्ञिक गेले. आमचं भांडण गुजराती मजुराशी कधी नव्हतंच. त्याला त्याचं घर हवं होतं, आम्हाला आमचं.

येताना मुंबईत उतरलो. परळ-लालबागला चिमण्या शोधाव्या लागतात. जिथं भोंगा वाजायचा तिथं काचेचे मनोरे. गिरणी कामगारांना घरं द्यायची म्हणून म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ साली. अर्ज दीड लाखाच्या वर, आणि मिळालेली घरं त्यापुढे चिमूटभर. आता शेलू, वांगणीला जा म्हणतात. २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार नि त्यांच्या विधवा पावसात आझाद मैदानात येऊन बसल्या त्या ह्याचसाठी. अहमदाबादेत कामगारांच्या चाळी निदान बैठ्या, कित्येकांच्या डोक्यावर ते छप्पर अजून टिकून आहे. राहाण्याच्या जागेच्या हिशेबात मुंबई हरली, हे कबूल करतो.

मग पारडं गुजरातकडे झुकलं का? थांबा. नवापूरचा पुकारा ध्यानात ठेवा म्हटलं होतं.

मावशींच्या दिराची दोन बोटं मागात गेली. कारखान्याने दवाखान्यात नेलं, पट्टी बांधली, आणि एका कागदावर अंगठा घेतला. कागद गुजरातीत. त्याला गुजराती बोलता येतं, बाजार करता येतो, वाचता येत नाही. पाच महिन्यांनी भरपाई मागायला गेला तेव्हा कुणीतरी तो वाचून दाखवला. त्यात होतं, माझा सगळा हिशेब मिळाला, काही मागणं उरलं नाही. गंजामच्या पोरांचंही तेच. २०२० साली टाळेबंदीत ती घरी सोडा म्हणून सुरतेच्या रस्त्यावर आली, तेव्हा आपलं म्हणणं सांगायला त्यांच्यापाशी घोळकाच होता, कागद नव्हता. राज्य आपल्या भाषेचं हवं ते ह्यासाठी. मिरवणुकीसाठी नव्हे, अंगठा उठवण्याआधी कागद वाचता यावा म्हणून.

आणि हे सांगताना आमचीच जीभ चावली. कारण आमची रात्रपाळी बंद झाल्याची नोटीस फाटकावर लागली ती इंग्रजीत. महाराष्ट्रात, १९६४ साली मराठीला राजभाषा करणारा कायदा झालेल्या राज्यात. आम्ही ती खात्यातल्या एका मुलीकडून वाचून घेतली, बारावीला आहे ती. तेवढ्यात चार दिवस गेले आणि हरकत घ्यायची मुदत आठ दिवसांची होती. मग सुरतेचा दीर आणि आम्ही, फरक काय उरला? फरक एवढाच की इथं आम्ही व्यवस्थापकाच्या दारात उभं राहून मराठीत म्हणू शकलो, नोटीस मराठीत लावा. त्याने लावली. दुसऱ्या दिवशी, टाईप करून, दोन चुकांसह लावली. मुदतही पहिल्यापासून धरली. रात्रपाळी अजून बंदच आहे, पण घरी बसवलेल्या एकवीस जणांच्या हरकती वेळेत गेल्या.

म्हणून जाणाऱ्या पोरांना आम्ही अडवत नाही. पोट घेऊन माणूस जातोच, आमचेही बाप मुंबईला गेले होते. जाताना मस्टरवर नाव घाला म्हणून पहिल्याच दिवशी विचारा. कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. मुलांना तिथल्या मराठी शाळेत घाला आणि गुजराती लिपीही शिकवा, दोन्ही. तिथल्या उडिया, गुजराती मजुराशी भाषेवरून तंटा करू नका. २००८ साली महाराष्ट्रात आणि २०१८ साली गुजरातेत परप्रांतीय मजुरांना मारहाण झाली, गाड्या भरून माणसं पळाली. उद्या पळणारे आपण असू.

सभेनंतर फाटकापाशी एक वही ठेवली आहे. ज्यांचं कुणी सुरतेला मागावर आहे त्यांनी त्याचं नाव, मूळ गाव आणि कुठल्या भागात काम करतो ते लिहा. पुढल्या महिन्यात आमच्यातले दोघे पुन्हा जाणार आहेत, सोबत गुजराती वाचणारा एक मित्र येतोय. दिराचा कागद घेऊन वकिलाकडे जायचं आहे. असे कागद आणखी असतील तर त्यांचीही नक्कल आणून द्या.