रंगसंस्कारानंतरचे अंतिम पाऊल



पडद्यावर चित्रपट पाहणाऱ्यास सकाळचे ऊन सकाळचेच वाटते. एकाच प्रसंगातील दोन शॉटमध्ये आकाशाचा निळेपणा बदललेला त्याच्या ध्यानी येत नाही. हे आपोआप घडत नाही. चित्रीकरण दिवसभर चालते, ऊन सरकते, ढग येतात, आणि टिपलेले शॉट परस्परांशी विसंगत ठरतात. ते जुळविण्याच्या कलेस रंगसंस्कार, म्हणजेच कलर करेक्शन, असे म्हणतात. फिल्मच्या काळात प्रयोगशाळेतील ग्रेडर हे काम करीत असे. प्रत छापताना तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांचे प्रमाण १ ते ५० या पट्टीवर कमीअधिक करणे, हेच त्याचे मुख्य साधन होय.

२००० साली प्रदर्शित झालेल्या कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ या चित्रपटाने निराळा मार्ग दाखविला. मिसिसिपी राज्यात भर उन्हाळ्यात चित्रीकरण झाले, तेव्हा सारा मुलूख हिरवागार होता. कथेस मात्र रखरखीत, धुळीने माखलेला पिवळा रंग हवा होता. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी सबंध चित्रपट संगणकात उतरवून घेतला, तेथे हिरवळीचा रंग पालटला आणि मग तो पुन्हा फिल्मवर उतरविला. जवळजवळ संपूर्ण चित्रपट असा संगणकावर संस्कारित होण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण आहे.

आज हेच काम ‘दा व्हिंची रिझॉल्व्ह’सारख्या संगणकप्रणालीवर होते, आणि तिची एक आवृत्ती विनामूल्य मिळत असल्याने शाळा-महाविद्यालयांपर्यंत ती पोहोचली आहे. तथापि एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. रंगतज्ज्ञ जे बदल करतो, ते मूळ चित्रणात होतच नाहीत. या शॉटमध्ये सावली इतकी उजळ करावी, त्या शॉटमध्ये तांबडेपणा इतका उतरवावा, अशा सूचना तेवढ्या प्रणालीच्या दप्तरी नोंदल्या जातात. त्या सूचनांप्रमाणे प्रत्येक चौकट नव्याने गणून स्वतंत्र फाइल लिहिणे, यास रेंडरिंग म्हणतात. ते होईपर्यंत तयार झालेला शॉट केवळ त्या संगणकाच्या पडद्यावर तयार असतो.

या गणनेचा पसारा मोठा आहे. २०४८ बाय १५५६ बिंदूंची, दहा बिटांची एक डीपीएक्स चौकट सुमारे १२.७ मेगाबाईट जागा घेते. सेकंदास २४ चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी होतात व एकूण भार सुमारे २.२ टेराबाईटवर जातो. जागा वाचविण्यासाठी आठ बिटांची फाइल निवडली, तर प्रत्येक रंगाच्या १०२४ छटांऐवजी २५६ उरतात. संध्याकाळच्या आकाशात मग पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात, आणि आठवडाभराची मेहनत त्या एका निवडीने वाया जाते.

त्याहून फसवी चूक पातळीची. दूरचित्रवाणीच्या रीतीने काळा रंग १६ वर व पांढरा २३५ वर धरतात. संगणकाच्या रीतीने ० व २५५ वर. पहिल्या रीतीने लिहिलेली फाइल दुसऱ्या रीतीने वाचली गेली, की काळा रंग करडा दिसतो व चित्र धुतल्यासारखे फिके पडते. दोष रंगतज्ज्ञाच्या माथी येतो, वास्तविक रंग बिनचूक असतात.

शॉट संपादकाकडे परत जाणार असतील, तर प्रत्येकाची सुटी फाइल करावी आणि दोन्ही टोकांस काही जादा चौकटी ठेवाव्यात. कापड बेतताना शिंपी शिवणीपुरते माया सोडतो, तसेच हे. पुढे जोड किंचित सरकवायचा झाल्यास सारे काम पुन्हा करावे लागत नाही. थेट प्रदर्शनासाठी असेल, तर सबंध चित्रपटाची एकच फाइल पुरते.

खरा धोका यानंतरचा आहे. रेंडर झाला, डिस्क भरत आली, म्हणून मूळ चित्रण पुसून टाकण्याचा मोह होतो. पीठ दळून आले म्हणून बियाण्याची कणगी कोणी रिकामी करीत नाही. एखाद्या वयोवृद्ध दशावतारी कलावंताचा खेळ शाळेने चित्रित केला असेल, तर तो पुन्हा चित्रित करता येईलच असे नाही; आणि रेंडर केलेल्या प्रतीवर पुन्हा संस्कार करणे म्हणजे नकलेची नक्कल काढणे होय.

समारंभाची तारीख ठरलेली असते व रेंडर आदल्या रात्री लावला जातो, ही सर्वत्र आढळणारी रीत. निदान दोन दिवस आधी फाइल तयार व्हावी. ती दुसऱ्याच यंत्रावर आरंभापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता पाहावी. चौकटींची संख्या संपादकाच्या यादीशी आणि आवाज ओठांशी पडताळावा. मगच तात्पुरत्या फाइली काढून टाकण्यास हरकत नाही. मूळ चित्रण व सूचनांचे दप्तर मात्र दोन वेगळ्या डिस्कांवर, आणि शक्य झाल्यास दोन वेगळ्या इमारतींत ठेवावे.