आकडा आला, नोंद झाली का?

(रेडिओवरील भाषण)



२६ जुलै २००५ म्हटलं की मुंबईकराच्या तोंडी सांताक्रूझचा आकडा येतो, ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. दोन्ही आकडे खरे, दोन्ही हवामान खात्याचे, आणि दोन्ही ठिकाणांमधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. मधल्या दादरला, कुर्ल्याला त्या दुपारी तासातासाला किती पडतोय, हे बसल्या जागी कळायची सोय तेव्हा नव्हती. पुढं महापालिकेनं शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, त्यातले बरेचसे अग्निशमन केंद्रांच्या छतांवर. राज्य सरकारनं २०१७ साली महावेध प्रकल्प हाती घेतला आणि महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. आता शाळा, शेतकरी, गृहनिर्माण सोसायट्याही आपापली केंद्रं बसवू लागल्या आहेत.

यंत्र विकत आणलं की ते खांबावर चढवायला अर्धा दिवस पुरतो. त्यातून दर क्षणी येणारी माहिती संगणकावर घ्यायची, तपासायची आणि साठवायची, हे काम सॉफ्टवेअरचं. आज मी बोलणार आहे ते त्याच्या मांडणीबद्दल. आकडा यायला फारसे कष्ट पडत नाहीत. पण तो उद्या कुणाच्या उपयोगी पडायचा असेल, तर वेळ, जागा, एकक आणि खात्री या चार गोष्टींचा निकाल आपल्याला पहिल्याच दिवशी लावावा लागतो. सॉफ्टवेअर तो आपल्या वतीनं लावत नाही.

उदाहरण म्हणून वीडब्ल्यूएक्स हे सॉफ्टवेअर घेऊ. अमेरिकेतल्या टॉम केफर यांनी ते पायथन भाषेत लिहायला घेतलं, पुढं जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात भर घातली. ते फुकट आहे, त्याचा कोड उघडा आहे आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर ते बिनबोभाट चालतं. प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापल्या पद्धतीनं बोलतं, म्हणून त्या त्या यंत्रासाठी वेगळा ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर दर दोन-चार सेकंदांनी तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस असा एक पुडका उचलून आणतो. साधारण पाच मिनिटांचे पुडके एकत्र करून त्यांची एक ओळ बनते आणि ती डेटाबेसात जाते. दिवसाकाठी अशा २८८ ओळी. त्यांवरून दवबिंदू काढला जातो, आलेख तयार होतात आणि हवी असल्यास माहिती इंटरनेटवरून पुढंही पाठवली जाते.

नव्यानं बसवताना एक गोष्ट सांभाळा. यंत्र जोडलेलं नसेल तर हे सॉफ्टवेअर सिम्युलेटरवर चालवून पाहता येतं. म्हणजे ते स्वतःच लुटुपुटीचं हवामान तयार करतं. तालीम म्हणून हे उत्तम. पण खरं यंत्र जोडण्याआधी तो डेटाबेस पुसला नाही, तर न पडलेला पाऊस तुमच्या वर्षाच्या बेरजेत कायमचा जाऊन बसतो.

आता पहिली गोष्ट, वेळ. आपल्याकडं वीज जाते. रास्पबेरी पायच्या बहुतेक जुन्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज परत आली की इंटरनेट मिळेपर्यंत त्याला खरी वेळ ठाऊकच नसते. अशा वेळी घेतलेली नोंद चुकीच्या तारखेला जाऊन चिकटते. वीडब्ल्यूएक्सनं यावर एक साधी युक्ती केली आहे. संगणकाचं घड्याळ सेटिंगच्या फाइलच्या तारखेहूनही मागं दिसलं, तर ते काम सुरूच करत नाही. वेळ ठिकाणावर येण्याची वाट पाहत आहे, अशी ओळ लॉगमध्ये लिहून थांबून राहतं. थोड्या पैशांत मिळणारं घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसवलं की ही अडचण मिटते. काही यंत्रांच्या कन्सोलला, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या डब्याला, स्वतःची स्मरणशक्तीही असते. हवामान यंत्रं बनवणाऱ्या डेव्हिस कंपनीच्या नेहमीच्या लॉगरमध्ये २५६० नोंदी मावतात, म्हणजे पाच मिनिटांच्या हिशेबानं जवळजवळ नऊ दिवस. संगणक तेवढा काळ बंद राहिला तरी तो सुरू झाल्यावर सॉफ्टवेअर मागचं सगळं भरून घेतं.

वेळेचा दुसरा पेच दिवसाचा. वीडब्ल्यूएक्सचा दिवस मध्यरात्री सुरू होतो. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सोमवारी रात्री अकराला पडलेली सर तुमच्या पडद्यावर सोमवारच्या खात्यात दिसते. सरकारी नोंदीत ती मंगळवारी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत धरली जाते. वर्तमानपत्रातला आकडा आणि आपला आकडा जुळत नाही म्हणून यंत्राला नावं ठेवण्याआधी हा फरक बघावा. पाच-पाच मिनिटांच्या ओळी हाताशी असल्या, की साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज केव्हाही करता येते.

दुसरी गोष्ट, जागा. सेटिंगमध्ये अक्षांश-रेखांशाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची विचारलेली असते आणि पुष्कळ जण तिथं अंदाजपंचे काहीतरी टाकतात. हवेचा दाब दर आठ-नऊ मीटर उंचीला सुमारे एक हेक्टोपास्कलनं कमी होतो. पुणं साडेपाचशे मीटरवर. तिथला प्रत्यक्ष दाब ९५० च्या आसपास असतो, आणि समुद्रसपाटीवर एवढा दाब फक्त अतितीव्र चक्रीवादळाच्या मध्याजवळ सापडेल. म्हणून हवामानाच्या नकाशावर दाब मांडताना तो समुद्रसपाटीला आणून मांडतात. उंचीच्या आकड्यापुढं मीटरऐवजी फूट असं राहून गेलं, तर पुण्यात चाळीसेक हेक्टोपास्कलचा घोळ होतो. काही यंत्रांत ही उंची कन्सोलवरच भरावी लागते, तेव्हा दोन्हीकडं एकच आकडा आहे ना, हे बघावं.

तिसरी गोष्ट, एकक. पर्जन्यमापकाच्या आत दोन कप्प्यांची एक छोटी झुलती वाटी असते. एक कप्पा भरला की ती कलंडते, दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो, आणि टक असा आवाज होऊन एक ठोका मोजला जातो. काही मापकांत एका ठोक्याला ०.२ मिलिमीटर पाऊस धरतात. अमेरिकन बाजाराच्या मापकांत तो इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर असतो. समजा ०.२ चा मापक आहे आणि २६० ठोके पडले. पाऊस झाला ५२ मिलिमीटर. सेटिंग मात्र अमेरिकन राहिलं असेल, तर पडद्यावर ६६ दिसतील. आपल्या राज्यात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की ती अतिवृष्टी धरली जाते. तुमच्या गच्चीवरच्या आकड्यावर पंचनामे होत नाहीत, पण एका सेटिंगनं साधा पाऊस अतिवृष्टीत जातो तो असा.

साठवणीतही एककाचा प्रश्न आहे. वीडब्ल्यूएक्समध्ये मेट्रिक या नावाचा पर्याय निवडला, तर डेटाबेसात पाऊस सेंटिमीटरमध्ये साठतो. मेट्रिक-डब्ल्यूएक्स निवडला तर मिलिमीटरमध्ये. पडद्यावर काय दाखवायचं ते केव्हाही बदलता येतं, साठवणीचं एकक मागाहून बदलणं जिकिरीचं असतं. ते आधीच ठरवून वहीत लिहून ठेवावं.

चौथी गोष्ट खात्रीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. सेन्सर कधीतरी बिघडतोच. वायर सैल होते, बॅटरी उतरते, नरसाळ्यात पानं अडकतात, वाटीवर कोळी जाळं विणतो. म्हणून प्रत्येक मोजमापाला खालची आणि वरची मर्यादा घालून द्यायची सोय असते. मुळातल्या मर्यादा साऱ्या जगाला पुरतील इतक्या सैल असतात, तापमानाची खालची मर्यादा तर उणे ४०. नागपूरला किंवा रत्नागिरीला त्यांचा काय उपयोग? आपल्या गावाच्या हवामानाला शोभतील अशा मर्यादा घालाव्यात, पण फार आवळूही नयेत, नाहीतर ज्या दिवशी खरंच विक्रमी पाऊस पडेल, नेमका त्याच दिवसाचा आकडा बाद होईल.

मर्यादेबाहेरचा आकडा आला, की सॉफ्टवेअर तिथं शून्य लिहीत नाही, ती जागा रिकामी ठेवतं. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामं म्हणजे किती पडला ते कळलं नाही. नंतर एक्सेलमध्ये तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून कुणीतरी रिकाम्या चौकटी शून्यानं भरून टाकतं, आणि बंद पडलेल्या यंत्राचा आठवडा कोरडा आठवडा होऊन बसतो.

खात्री करून घ्यायला महागडी साधनं लागत नाहीत. एका शाळेच्या गच्चीवर मुलांकडून करून घेतलेली रीत सांगतो. मापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढा. ते २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर २०० मिलिलिटर पाणी. सॉफ्टवेअर थोडा वेळ बंद ठेवून किंवा त्या वेळेची नोंद नंतर वगळायची असं ठरवून, २०० मिलिलिटर पाणी तासाभरात अगदी बारीक धारेनं सोडा आणि ठोके मोजा. ०.२ च्या मापकात ते ५० च्या आसपास यायला हवेत. धार मोठी झाली तर वाटी कलंडतानाच पाणी निसटतं आणि ठोके कमी भरतात. मुसळधार पावसात अशी यंत्रं थोडा कमी पाऊस का दाखवतात, हेही मुलांना त्यातून कळलं.

श्रोतेहो, तुमच्या शाळेत, शेतावर किंवा सोसायटीत असं केंद्र असेल, तर येत्या मृगाआधी एकदा सेटिंगची फाइल उघडून घड्याळ, उंची, एकक आणि मर्यादा तपासा. शेजारी एक साधा काचेच्या मोजपात्राचा पर्जन्यमापक ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला हातानं वाचून वहीत लिहा. दोन्हींत तफावत वाढत गेली, की समजा, साफसफाईची वेळ झाली. आणि ज्या दिवशी यंत्र बंद असेल, त्या दिवसाचा रकाना कृपा करून मोकळा ठेवा. तिथं शून्य लिहू नका.